चवदार तळे आता जमिनीखाली गेले आहे

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, कामाच्या निमित्ताने हिमायतनगर तालुक्यातल्या एका गावात गेले होते. गावाचे नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचे आहे त्यांना उद्याही त्याच गावात राहायचे आहे. वस्तीतला हातपंप महिनाभरापासून कोरडा होता. दारोदार नळाच्या तोट्या बसवलेल्या, पण पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा. वस्तीपासून दीडशे पावलांवर एका शेतकऱ्याचा बोअर. लाईट आली की मोटर चालू होते आणि मोटरचा आवाज आला की आमच्या आया-बहिणी घागरी, कळशा, प्लास्टिकचे कॅन घेऊन धावतात. लाईट रात्री दोनला आली तर रात्री दोनला.

मी एका म्हाताऱ्या मायला विचारलं, "रोज देतो का पाणी?" ती म्हणाली, "त्याच्या रानातलं पाणी हाय माय. त्याला वाटलं तं देतो. परवा काही बोलाचाली झाली, तं दोन दिवस नाही दिलं."

शेजारी वस्तीतला एक पोरगा उभा होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा, गळ्यात निळा गमछा, जयंतीच्या कमिटीत पुढे असणारा. तो म्हणाला, "ताई, त्याचं काही चुकत नाही. तो जातिवाद करत नाही. आमच्या बाया त्याच्या बोअरला हात लावतात, तो काही बोलत नाही. पाणी त्याचं आहे, द्यायचं की नाही ते तोच ठरवणार ना?"

मी त्या दिवशी त्या पोराला काही उत्तर देऊ शकले नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, पंधरा वर्षे चळवळीत वावरलेले, आणि उत्तर नाही. घरी आल्यावर विचार करत राहिले. हा लेख म्हणजे त्या पोराला उशिरा दिलेले उत्तर आहे.

महाडला विरोधकांचा दावा काय होता?

आपण सगळे २० मार्च साजरा करतो. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे लहान मुलालाही माहीत आहे. त्याआधी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, हेही अनेकांना माहीत असते. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले, हे आपण भाषणात हमखास सांगतो. जे पाणी जनावरे पीत होती ते माणसाच्या स्पर्शाने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले! विज्ञानाची याहून मोठी थट्टा कोणती?

पण पुढची गोष्ट आपण सांगत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरणार होती. तेव्हा विरोधक लाठ्या घेऊन आले नाहीत, ते वकील घेऊन कोर्टात गेले. त्यांनी दावा असा लावला की चवदार तळे सार्वजनिक नाहीच, ती खासगी मालमत्ता आहे. 'आम्ही अस्पृश्यता पाळतो म्हणून पाणी देत नाही' एवढेच म्हणणे कोर्टात पुरेसे ठरणार नव्हते, म्हणून 'तळे आमचे आहे' हेही म्हटले. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्या हुकमाचा मान राखून बाबासाहेबांनी दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाणे थांबवले आणि खटला लढवला. तो खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. घोटभर पाण्याला एक मिनिट लागले होते. 'हे पाणी खासगी नाही' हे सिद्ध करायला दहा वर्षे लागली.

म्हणजे महाडचा लढा दोन गोष्टींशी होता. एक, विटाळाची कल्पना. दुसरी, पाण्यावरची खासगी मालकी. पहिल्या गोष्टीवर आपण शंभर वर्षे बोलत आलो. दुसरीला आपण जवळजवळ विसरलो. आणि मला असे दिसते की आज आपल्या खेड्यापाड्यात पहिली गोष्ट मागे हटते आहे, दुसरी मात्र सगळे पाणी घेऊन बसली आहे.

पाणी विहिरीतून बोअरमध्ये गेले

माझी आजी सांगायची की तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीपासून लांब उभे राहावे लागे. कोणी वरून ओंजळीत पाणी ओतले तर प्यायचे. नंतर संविधान आले. त्याच्या कलम १५(२) मध्ये स्पष्ट लिहिले आहे की विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून बंधन घालता येणार नाही. पण ते कलम पुन्हा नीट वाचा. त्यात म्हटलेल्या विहिरी आणि तलाव कोणते? जे पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखले जातात, किंवा जे सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले आहेत. १९५० साली गावाचे पिण्याचे पाणी अशाच ठिकाणी होते. गावविहीर, आड, बारव, तळे, नदी.

आज गावविहिरीत काय आहे? आमच्या भागात बहुतेक ठिकाणी कचरा, नाहीतर वर जाळी टाकलेली. आडात पाणी नाही. पैनगंगा आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते, पण उन्हाळ्यात नदीकाठचीच गावे 'इसापूर धरणातून नदीत पाणी सोडा' म्हणून तहसीलला निवेदने देतात, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की तेच पाणी रानात शिरते. मग पाणी गेले कुठे? ते खाली गेले. तीनशे, चारशे, पाचशे फूट. आणि त्याच्या तोंडावर ज्याचा सातबारा त्याची मोटर बसली.

संविधानाने सार्वजनिक विहिरीचे दार आपल्याला उघडून दिले. आपण आत शिरलो तेव्हा विहीर कोरडी होती. पाणी शेजारच्या खासगी रानात गेले होते आणि तिथे कलम १५(२) सरळ लागू होत नाही. कोणी जात विचारत नाही, कोणी 'शिवू नको' म्हणत नाही. फक्त म्हणतो, 'माझ्या रानातले पाणी आहे.' चवदार तळे आता जमिनीखाली गेले आहे आणि महाडच्या विरोधकांचा जुना दावाही त्याच्याबरोबर खाली गेला आहे.

खडक काय सांगतो?

आता विज्ञानाकडे येऊ. 'त्याच्या रानातले पाणी' हे वाक्य विज्ञानाच्या कसोटीला उतरते का?

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा खडक आहे, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून तो तयार झाला. आपल्या नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, मुखेडकडे ग्रॅनाइट लागतो. दोन्ही कठीण खडक. वाळूत जसे पाणी सगळीकडे मुरते तसे यांच्यात मुरत नाही. वरचा झिजलेला थर, ज्याला आपण मुरूम म्हणतो, त्यात पाणी साठते. त्याखाली ते फक्त भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून फिरते. मुरमाचीही कुवत किती? शंभर घनमीटर मुरूम पाण्याने पूर्ण भरला तरी त्यातून उपसता येते ते जेमतेम दोन-तीन घनमीटर. आपल्या पायाखाली पाण्याचा समुद्र नाही. पातळ, फाटक्या गोधडीत जिरलेले पाणी आहे ते.

या पाण्याला धुरा-बांध माहीत नसतो. पाऊस पडतो माळावर, गायरानावर, जंगलाच्या उतारावर. तिथून ते जिरत जिरत खाली येते. म्हणजे ज्या माणसाच्या बोअरला पाणी लागले, ते पाणी त्याच्या रानात पडलेल्या पावसाचे असेलच असे नाही. ते गायरानावर पडलेले असेल. आमच्या वस्तीच्या पत्र्यांवरून ओघळून नाल्यात गेलेले असेल. भेग एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात जाते. म्हणून शेजाऱ्याने दोनशे फूट खोल बोअर घेतला की आपली चाळीस फुटांची विहीर आटते. आमच्या वस्तीचा हातपंप असाच बंद पडला असावा अशी माझी शंका आहे. आजूबाजूला तीन वर्षांत पाच बोअर झाले. हातपंप जिथे होता तिथेच राहिला, पाणी खाली सरकले.

विज्ञान सांगते, भूजल एक आहे, सामाईक आहे. कायदा काय सांगतो? इंग्रजांनी १८८२ साली केलेल्या सुविधाधिकार कायद्यात असे मानले गेले की आपल्या जमिनीखालचे, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे पाणी गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. त्या काळी मोटेने पाणी उपसत. दोन बैल आणि एक मोट किती उपसणार? आज साडेसात हॉर्सपॉवरची मोटर रात्रभर चालते. हक्क बैलाच्या काळातला, उपसा विजेच्या काळातला.

जमीन कोणाकडे आहे?

जमिनीबरोबर पाणी जाते, तर मग जमीन कोणाकडे आहे, हा प्रश्न आला. याचे उत्तर मला आणि तुम्हाला वेगळे सांगायला नको. विहिरी कोणी खोदल्या? वडार समाजाने, आपल्या लोकांनी. १९७२ च्या दुष्काळात खडी कोणी फोडली, पाझर तलावाची माती कोणी वाहिली? माझ्या आईचे आई-वडील त्या कामावर होते. आजीच्या तळहाताला शेवटपर्यंत घट्टे होते. त्या पाझर तलावाखाली आज ज्यांची शेते भिजतात त्यात तिचे एक गुंठाही नव्हते.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. आपण त्याला जमिनीचा लढा म्हणतो. मला आता वाटते की तो पाण्याचाही लढा होता. ज्याला जमीन नाही त्याला या देशात जमिनीखालचे पाणी नाही.

आजची योजना पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध शेतकऱ्याला नवीन विहिरीसाठी अनुदान मिळते. योजना चांगली आहे, तिचा फायदा झालेली घरे मी पाहिली आहेत. पण नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमीन नावावर लागते. ज्याच्याकडे गायरानाचा ताबा आहे पण सातबारा नाही, तो बाहेर. जो शेतमजूर आहे, तो बाहेर. बाबासाहेबांच्या नावाची विहीरसुद्धा आधी सातबारा मागते. आणि गायरानावर तीस-चाळीस वर्षे कसणाऱ्यांना नोटिसा येतात तेव्हा कारण काय असते? कधी अतिक्रमण, कधी वृक्षलागवड, कधी सौर प्रकल्प. झाडे लावायला माझा विरोध नाही, सौरऊर्जेलाही नाही. पण पर्यावरण वाचवायला प्रत्येक वेळी आमचीच दोन एकर का सापडते, हा प्रश्न विचारायला नको का?

थोडा हिशेब करू

'पाऊसच पडत नाही, त्याला कोण काय करणार?' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हिशेब करून पाहू. आमच्या नांदेड जिल्ह्याचा सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास धरू. एक हेक्टर जमिनीवर नऊशे मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ९० लाख लिटर पाणी पडले. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. चारशे माणसांच्या वस्तीला वर्षभर रोज ५५ लिटर द्यायचे तर सुमारे ८० लाख लिटर लागतात. म्हणजे अख्ख्या वस्तीची वर्षाची गरज एका हेक्टरवर पडणाऱ्या पावसापेक्षा कमी आहे! पडलेले सगळे पाणी हाती लागत नाही, बरेचसे वाहून जाते, वाफ होते, हे मान्य. तरी दहा हेक्टरांतले दहा टक्के हाती लागले तरी वस्ती भागते.

आता दुसरी बाजू. पाटाने पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला एका हंगामात दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. तेवढ्यात हजार माणसांचे वर्षाचे पिणे-वापरणे होते. पाणी कमी आहे हे खरे. पण ते कोणासाठी कमी आहे, हे पर्जन्यमापक सांगत नाही. ते समाजशास्त्र सांगते.

लातूरचा २०१६ चा उन्हाळा आठवा. पाण्यावरून भांडणे होतील म्हणून शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणी-रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. त्या गाडीतले पाणी पिणाऱ्यांचा अपमान करायचा नाही, ती गरज खरीच होती. पण त्याच जिल्ह्यात त्याआधीची कित्येक वर्षे ऊस वाढत होता, कारखाने वाढत होते, बोअर खोल जात होते. बातमी 'दुष्काळ' अशी आली. दुष्काळ पावसाने आणला, टंचाई मात्र माणसांनी वाटून दिली.

दोन आक्षेप

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. आपल्यावर अत्याचार होतात, शिष्यवृत्ती अडते, आरक्षणावर घाला येतो, त्यात पाण्याचे आणि झाडांचे कुठे घेऊन बसता? मी त्यांना विचारते, रात्री दोनला घागर घेऊन कोण जाते? वाघ-बिबट्यांचे फोटो काढणाऱ्यांचा तो विषय असेल, पण उन्हात काम करणारा, पत्र्याच्या घरात राहणारा, नाल्याच्या काठावर घर असल्याने पहिल्या पुरात भांडीकुंडी गमावणारा माणूस आपलाच आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेवर काम करत होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांबद्दल मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की जास्त पाणी हे संकट समजून ते समुद्रात लोटून देण्याचा विचार चुकीचा आहे. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवून लोकांच्या कामी लावली पाहिजे. अस्पृश्यांचा नेता आणि पाण्याचा नियोजनकार, असे दोन वेगळे बाबासाहेब नव्हते.

दुसरा आक्षेप त्या बोअरवाल्या शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. तो म्हणेल, 'मी कर्ज काढून बोअर घेतला. दोन फेल गेले, तिसऱ्याला पाणी लागले. माझे हळदीचे पीक वाळले तर मला कोण देणार?' खरे आहे. मराठवाड्यात आत्महत्या करणाऱ्यांत असे कर्जबाजारी शेतकरी आहेतच. तो माझा शत्रू नाही. पण त्याचे दोन बोअर फेल का गेले? पाण्याला मालक अनेक आणि पाणी एकच, म्हणून प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा खोल जाण्याच्या शर्यतीत आहे. त्या शर्यतीत आमची वस्ती पहिल्या वर्षी हरली, तो पाचव्या वर्षी हरेल. पाणी सामाईक मानले तर तोही वाचतो.

आपल्या घरातही पाहू

दुसऱ्याला विज्ञान शिकवण्याआधी आपल्या वस्तीतही डोकावले पाहिजे. त्याच गावात दोन वर्षांपूर्वी वस्तीसाठी बोअर मंजूर झाला होता. जागा कोणी ठरवली? पाणाड्याने. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो फिरला, नारळ उभा राहिला, तिथे खूण केली. घरात बुद्धमूर्ती, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, आणि बोअरची जागा नारळ ठरवतो! तीनशे फूट गेले, धूळ निघाली. एकदाच मिळालेला बोअर गेला.

पाणाड्यावर लोकांचा विश्वास का बसतो, हेही समजून घेतले पाहिजे. मुरूम असलेल्या भागात थोडेफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतेच. लागले तर पाणाड्याचे नाव होते, नाही लागले तर आपले नशीब. फेल गेलेल्या बोअरची वही कोणी ठेवत नाही. वही ठेवणे म्हणजेच विज्ञान. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे शुल्क भरून जागेची तपासणी करून घेता येते, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? तीही शंभर टक्के खात्री देत नाही, पण ती कारण देते, आणि कारण तपासता येते.

आणखी एक. आपण वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कलम बाबासाहेबांनी लिहिले असे सांगतो. तसे नाही. मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. त्यात पर्यावरणाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन कर्तव्ये एकापाठोपाठ एक दिली आहेत. बाबासाहेबांच्या नावावर न केलेली गोष्ट खपवायची गरज नाही. त्यांनी केलेलेच आपल्याला पेलत नाही. जयंतीला आमच्या भागात डीजेचे जे बिल होते, त्यात हातपंपाच्या दुरुस्तीचे दोन वर्षांचे सामान येते. जयंती करू नका असे मी म्हणत नाही. मीही नाचले आहे. पण त्या वर्गणीतून एक वाटा पाण्याला द्या.

रोहिणी नदीचे पाणी

आपण बौद्ध आहोत. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, असे पारंपरिक कथा सांगते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ती कथा नाकारली. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाला म्हातारा दिसला नाही हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी दाखवले आणि दुसरे कारण मांडले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी चौकशी करा, दोन्ही बाजूंची माणसे निवडून तंटा मिटवा, असे त्याचे म्हणणे होते. बहुमत विरोधात गेले. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला शिक्षेची भीती घातली गेली, त्यात कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त करणे हेही होते. कुटुंबाला झळ नको म्हणून त्याने परिव्रज्या घेतली.

पाण्याचा तंटा, बहिष्कार, जमीनजप्ती. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही गावात सांगितली तरी लोक ओळखतील. आणि सिद्धार्थाचा उपाय कोणता होता? चौकशी आणि वाटाघाट. माहिती गोळा करा, मग सर्वांनी बसून ठरवा. विज्ञान आणि लोकशाही, दोन्ही त्यात आले.

मग करायचे काय?

महाराष्ट्रात याचे उदाहरण आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. नियम साधे होते. पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचे नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. शेवटचा नियम पुन्हा वाचा. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. पाणी सातबाऱ्यापासून सोडवता येते, हे त्यातून दिसले.

कायदाही अगदीच रिकामा नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा २०१४ पासून लागू आहे. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताला त्यात संरक्षण आहे. टंचाईत प्रशासन खासगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित करू शकते, मालकाला त्याचा मोबदला मिळतो. म्हणजे गरजेच्या वेळी खासगी पाणी सार्वजनिक होऊ शकते, हे शासनाला मान्य आहे. मग आमच्या बायकांनी बोअरवाल्याच्या मर्जीवर का राहायचे?

तरुण मित्रांनो, म्हणून माझे मागणे एवढेच आहे. प्रत्येक वस्तीत दोन पोरं आणि दोन पोरी तयार करा. दोरीला दगड बांधून दर महिन्याला एका विहिरीची पातळी मोजा आणि वहीत लिहा. गावात किती बोअर आहेत, किती खोल आहेत, पिण्याच्या पाण्यापासून किती अंतरावर आहेत, याची यादी करा. हातपंपाच्या पाण्याची तपासणी करून घ्या. कठीण खडकातल्या खोल पाण्यात फ्लोराइड असू शकते, दात आणि हाडे जातात. ग्रामसभेत वही घेऊन जा आणि पाण्याचा जमाखर्च मागा. टंचाई येण्याची वाट न पाहता फेब्रुवारीतच अधिग्रहणाचा लेखी प्रस्ताव द्या, पोच घ्या. आणि गायरानाच्या प्रत्येक मोर्चात जमिनीबरोबर पाण्याचीही घोषणा द्या.

त्या गावात आम्ही त्या उन्हाळ्यात अधिग्रहणाचा अर्ज दिला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला, तोवर पाऊस आला. आम्ही हरलो, हे मोकळेपणाने लिहिते. पण त्या निळ्या गमछ्यावाल्या पोराने जूनपासून गावविहिरीची पातळी मोजायला सुरुवात केली. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, विहीर ऑक्टोबरात अकरा फुटांवर होती, आता सव्वीस. आजूबाजूचे सगळे बोअर चालू झाल्यावर जास्त पटपट उतरते. हे मी ग्रामसभेत मांडू का?"

मी म्हणाले, मांड.

तो थोडा थांबून म्हणाला, "पाणी त्याचं एकट्याचं नाही ना ताई?"

जय भीम. जय संविधान.